रेणूच्या बांध्यातली वीज

खामगावच्या परिसरात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्याआधी, संशोधनाच्या दिवसांत, पॉलिअ‍ॅनिलीन नावाच्या हिरव्या पुडीशी गाठ पडली आणि ती आजतागायत सुटलेली नाही. विजेला प्रतिसाद देणारे पॉलिमर अनेक जातींचे आहेत. काही वीज वाहून नेतात, काही वीज दिली की वाकतात, काही दाबले की स्वतः वीज देतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची आयआयटी, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नागपूरची विद्यापीठं, अशा आपल्याच राज्यातल्या प्रयोगशाळांत यांच्यावर काम झालं आहे. त्या मोठ्या कामाच्या कडेला बसून मला जे उमगलं, ते इथे लिहिते आहे.

१. अणूंची यादी वाचून पदार्थाचा स्वभाव कळत नाही. घाटाखालच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी आणि जवारी शेजारीशेजारी वाढताना मी लहानपणापासून पाहिली. आता त्यातली पुष्कळ जमीन सोयाबीनने घेतली आहे. कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं आणि ज्वारीच्या दाण्यात मुख्यतः स्टार्च. दोन्ही ग्लुकोजच्याच कड्या जोडून झालेले. फरक आहे तो जोडणीचा. कापसात प्रत्येक पुढचं ग्लुकोज आधीच्याच्या उलट बाजूने बसतं. त्यामुळे साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरते आणि पाण्याला दाद देत नाही. स्टार्चमध्ये जोडणीचा कोन निराळा असतो, म्हणून साखळी वळत जाते. त्या वळणांमधल्या पोकळीत आयोडीन शिरलं की गडद निळा रंग येतो; शाळेत सगळ्यांनीच हा प्रयोग केलेला असतो. एकाच साखरेपासून भाकरीही होते आणि धोतरही, आणि दोन्हींमध्ये फक्त एका बंधाच्या दिशेचा फरक असतो, हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. १९५५ मध्ये जपानच्या एइची फुकादा यांनी दाखवलं की लाकडावर विशिष्ट दिशेने ताण दिला तर त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो. लाकडातलं सेल्युलोज स्फटिकरूपात एका दिशेला रचलेलं असतं आणि त्या रचनेला सममितीचं केंद्र नसतं, म्हणून हे घडतं. हा परिणाम क्वार्ट्झच्या सुमारे विसाव्या हिश्शाचा, म्हणजे अगदी बारीक, पण खरा. दक्षिण कोरियातल्या इन्हा विद्यापीठात जेहवान किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सेल्युलोजच्या पातळ कागदाचा एक गुण जगापुढे मांडला: दोन्ही बाजूंना सोन्याचा झिरझिरीत थर देऊन वीज सोडली की तो कागद वाकतो. जिनिंगमधून गठाणी भरलेला ट्रक निघताना दिसला की मला हे आठवतं. आपण क्विंटलच्या भावाने विकतो ते एक विद्युतसक्रिय पॉलिमर आहे.

२. रंगाचं आणि विजेचं मूळ एकच असू शकतं, हे मला लोणारने पटवलं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि नागपूरच्या नीरी या संस्थेत गेले. पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि त्यात खारं पाणी मानवणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव माजले होते, असा निष्कर्ष निघाला. त्यांच्या अंगातलं कॅरोटिनॉइड जातीचं रंगद्रव्य त्या गुलाबी छटेला कारण होतं.

कॅरोटिनॉइडचा सांगाडा म्हणजे कार्बनची लांब साखळी आणि तिच्यात एकेरी बंध, दुहेरी बंध, पुन्हा एकेरी, पुन्हा दुहेरी असा क्रम. अशा क्रमात दुहेरी बंधाचे इलेक्ट्रॉन आपल्याच दोन अणूंपाशी थांबत नाहीत, ते सगळ्या साखळीवर पसरतात. एकच दुहेरी बंध असलेलं इथिलीन रंगहीन, कारण ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनमध्ये असे ११ दुहेरी बंध सलग असतात, म्हणून ते निळा प्रकाश शोषतं आणि आपल्याला नारिंगी दिसतं. हाच क्रम हजारो कार्बनपर्यंत वाढवला की पॉलिअ‍ॅसिटिलीन मिळतं, ज्याच्यापासून वीजवाहक पॉलिमरचा इतिहास सुरू झाला. आता मी हा धडा लोणारपासूनच सुरू करते. मेहकर-लोणारकडची मुलं वर्गात असली तर ती त्या पाण्याचं वर्णन माझ्यापेक्षा चांगलं करतात.

एक अट मात्र आहे. साखळी सपाट राहिली पाहिजे. मध्येच एखादा बंध पिळला गेला की इलेक्ट्रॉनांचा पसारा तिथेच तुटतो. कागदावर काढलेल्या सूत्रात हा पीळ दिसत नाही, आणि पदार्थाच्या गुणधर्मात मात्र त्याचीच सत्ता चालते.

३. चांदीसारखं दिसणं आणि चांदीसारखं वागणं यांत केवढं तरी अंतर आहे. खामगावची ओळख रजतनगरी म्हणून आहे. इथल्या चांदीच्या शुद्धतेवर लोकांचा भरवसा आहे. म्हणून पॉलिअ‍ॅसिटिलीनची गोष्ट इथे सांगताना मला विशेष गोडी वाटते. १९६७ मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक हजार पट जास्त पडलं आणि काळ्या पुडीऐवजी चंदेरी, चकचकीत पापुद्रा तयार झाला. बंधांची मांडणी सिस असेल, म्हणजे साखळीचे पुढचे-मागचे भाग दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला असतील, तर हाच पापुद्रा तांबूस दिसतो; ट्रान्स असेल, म्हणजे ते विरुद्ध बाजूंना असतील, तर चंदेरी. अणू तेच, संख्या तीच, तरी ट्रान्स रूपाची वाहकता हजारो पटींनी जास्त. पण धातूच्या मानाने तीही नगण्य होती. साखळीतले एकेरी आणि दुहेरी बंध सारख्या लांबीचे होत नाहीत आणि त्या विषमतेमुळे इलेक्ट्रॉनांच्या वाटेत एक दरी उरते.

ती दरी पार झाली आयोडीनमुळे. अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांच्यासोबत शिराकावांनी त्या पापुद्र्यावर आयोडीनची वाफ सोडली. आयोडीनने साखळीतले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले, साखळीवर फिरते धनभार तयार झाले आणि वाहकता कोटीच्या घरात गेलेल्या पटीने वाढली. हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सराफ्यात चांदीत दुसरा धातू मिसळला की तिची किंमत उतरते आणि तिची वाहकताही घटते. या पॉलिमरांमध्ये नेमकं उलट घडतं. शुद्ध असताना ते जवळजवळ मुके असतात, परका रेणू आत आला की बोलू लागतात. शुद्धतेला सरसकट सद्गुण मानण्याची माझी सवय त्या वाचनानंतर गेली. कोणत्या रचनेत काय मिसळतं आहे, हे आता मी आधी विचारते.

४. रेणूला घाई मानवत नाही. पॉलिअ‍ॅनिलीन करायची कृती सोपी आहे: अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं, अमोनियम परसल्फेटचं द्रावण थेंबथेंब घालायचं, ढवळत राहायचं. अ‍ॅनिलीन विषारी आहे, म्हणून वाफ ओढून घेणारा पंखा आणि हातमोजे हवेतच. थोड्या वेळाने द्रावण निळसर होतं, मग एकदम हिरवा गाळ बसू लागतो. हे सगळं शून्य ते पाच अंश सेल्सिअसला करावं असं सांगतात, कारण क्रिया तापली की रेणू वाटेल तिथे जोडले जातात. बेंझिन कड्याच्या समोरच्या टोकाला लागण्याऐवजी शेजारच्या जागी लागतात, फाटे फुटतात, साखळ्या आखूड राहतात. थंडीत साखळी लांब आणि सरळ वाढते. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळीस-बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा बर्फाच्या लाद्या फोडून बीकर त्यात बसवायची आणि बर्फ संपण्याआधी क्रिया आटपायची, ही कसरत असते. पण एकच कृती बर्फात आणि बर्फाविना करून दोन्ही पुड्यांच्या वड्या दाबल्या आणि मल्टिमीटर लावला, की मुलांना रेणूतला दोष डोळ्यांनी पाहिल्यासारखा कळतो. मीटरचे आकडे वेगवेगळे येतात, पुडी तशीच हिरवी दिसत असते.

या पदार्थाने मला सर्वांत जास्त नम्र केलं ते त्याच्या रंगांनी. साखळीतले नायट्रोजन सगळे एका प्रकारचे असतील तर तो जवळजवळ रंगहीन, सगळे दुसऱ्या प्रकारचे असतील तर जांभळट, निम्मे-निम्मे असतील तर निळा. या निळ्या रूपाला आम्ल दिलं की हायड्रोजनचा धनभारित कण ठरावीक नायट्रोजनांवर जाऊन बसतो, रंग हिरवा होतो आणि वाहकता अब्जावधी पटींनी वाढते. साखळीतून एकही इलेक्ट्रॉन काढलेला नसतो, घातलेला नसतो. अमोनियाची वाफ लागली की तो कण निघून जातो, पट्टी पुन्हा निळी पडते आणि वीज थांबते. याच आधारावर अमोनिया ओळखणारे सेन्सर बनवण्याचे प्रयत्न आपल्या विद्यापीठांत झाले आहेत. चांदी याच्यापेक्षा लाखपट चांगली वाहक आहे, मान्य. पण चांदीच्या तारेला हवेत अमोनिया आहे की नाही हे कळत नाही. पावसाळ्यात मात्र दमट हवेनेही पट्टीचा रोध बदलतो, आणि मग हा बदल अमोनियाचा की ओलाव्याचा, हे वेगळं काढणं फार किचकट होतं. सेन्सरवर काम करणाऱ्यांची खरी मेहनत तिथे जाते.

५. माणसाच्या हातात एखादी गोष्ट शतकभर असते आणि तिचा मुख्य गुण त्याला ठाऊक नसतो. जलंबहून खामगावला येणारा लोहमार्ग १८७० मध्ये कापसासाठी टाकला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हापासून वऱ्हाडाच्या कापसावर साऱ्या जगाची नजर होती. त्याच लँकेशायरमध्ये, १८६३ मध्ये, जॉन लाइटफूट यांनी सुती कापडावर अ‍ॅनिलीन काळा छापण्याचं पेटंट घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी अ‍ॅनिलीनच्या आम्लद्रावणात वीज सोडून निळसर काळा थर मिळवला होता. रंगाऱ्यांचा तो काळा म्हणजे कापसाच्या तंतूतच तयार झालेलं पॉलिअ‍ॅनिलीन.

त्या रंगाबद्दल एक मोठी तक्रार होती: गंधकाच्या धुराने, आम्लधर्मी हवेत, काळं कापड हिरवट पडायचं. कोळशाच्या भट्ट्यांच्या गावात हे टळणार कसं? रंगाऱ्यांनी मेहनत करून न हिरवटणारा काळा शोधला. आज आपण जाणतो की तो हिरवटपणा म्हणजे पॉलिअ‍ॅनिलीन वीजवाहक रूपाकडे सरकल्याची खूण होती. ज्याला ते डाग म्हणत होते, त्याच्यावर पुढे हजारो शोधनिबंध लिहिले गेले. त्या कापडात कुठे वऱ्हाडातला एखादा धागा असेलही. हा भाग शिकवताना माझा आवाज दर वर्षी थोडा चढतो.

६. रेणूतले लहान लहान भार कोणत्या दिशेला तोंड करतात, यावर पुष्कळ अवलंबून असतं. पीव्हीडीएफ या पॉलिमरमध्ये कार्बनच्या साखळीवर आळीपाळीने हायड्रोजनची जोडी आणि फ्लोरीनची जोडी असते. फ्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून प्रत्येक घटकाला धन आणि ऋण अशी दोन टोकं येतात. वितळवून थंड केलं की साखळ्या बहुधा अशा रचतात की एकीचा रोख दुसरीच्या रोखाने पुसला जातो आणि हाती काही उरत नाही. त्याच पापुद्र्याला गरम करून कित्येक पट ताणला आणि प्रबळ विद्युतक्षेत्रात ठेवला, की साखळ्या सरळ होतात आणि सगळे फ्लोरीन एका अंगाला येतात. शेगावहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत प्रत्येकाने मनाला येईल तिकडे पताका तिरकी धरली तर लांबून काहीच दिसत नाही, सगळ्यांनी एका अंगाला धरली की रंगाचा पट्टा दिसतो, तसं हे. अशा पापुद्र्यावर दाब दिला की वीज मिळते, हे जपानच्या हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवलं. ताणणं आणि विद्युतक्षेत्रात धरणं या दोनच क्रिया. रासायनिक सूत्रात एका अक्षराचा फरक पडत नाही. तरी आधीचा पापुद्रा मुका आणि नंतरचा स्पर्श ओळखणारा.

७. वीज न वाहणारा भागही उपयोगाचा असतो. पॉलिथायोफिन नुसतं असलं तर ते कशातच विरघळत नाही, म्हणून त्याचा लेप देता येत नाही. प्रत्येक कड्याला सहा कार्बनची शेपटी लावली की ते विरघळतं. शेपटी स्वतः वीज वाहत नाही, पण तिच्यामुळे पॉलिमर कामाला लागतो. मात्र शेपट्या क्रमाने, एकाच बाजूच्या हिशोबाने लागल्या पाहिजेत. उलटसुलट लागल्या तर त्या एकमेकींना ढकलतात, कड्या पिळतात आणि दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेली सपाटी मोडते. हा क्रम साधण्याची पद्धत रिचर्ड मॅकुलो यांनी १९९२ मध्ये दिली.

८. पॉलिमरने स्नायूची बरोबरी करणं अजून दूर आहे, आणि ते अंतर कुठे आहे हे समजल्यावर मला आपल्याच शरीराबद्दल आदर वाटू लागला. १८८० मध्ये राँटगेन यांनी ताणलेल्या रबरावर विद्युतभार दिला की त्याची लांबी बदलते, हे पाहिलं होतं. २००० साली अमेरिकेत मऊ अ‍ॅक्रिलिकचे पापुद्रे विजेने शंभर टक्क्यांहून अधिक ताणून दाखवले गेले. तिथल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले योसेफ बार-कोहेन यांनी १९९९ मध्ये आव्हान दिलं होतं: विद्युतसक्रिय पॉलिमरचा हात करा आणि माणसाशी पंजा लढवा. मार्च २००५ मध्ये सॅन डिएगोत ती लढत झाली. समोर होती सतरा वर्षांची शाळकरी मुलगी. तिने तिन्ही कृत्रिम हातांना हरवलं. त्यातला सर्वांत चिवट हात २६ सेकंद टिकला. आमच्या वर्गातल्या मुलींना हा निकाल फार आवडतो.

या कृत्रिम स्नायूंची दुसरी जात नॅफिऑनसारख्या पॉलिमरची. त्याचा कणा टेफ्लॉनसारखा पाण्याला दूर ठेवणारा आणि फांद्यांच्या टोकाला पाणी ओढणारे सल्फोनिक आम्लाचे गट. हे दोन स्वभाव एका रेणूत असल्यामुळे आत पाण्याचे बारीक मार्ग तयार होतात. दोन व्होल्टच्या आसपास वीज दिली की धनभारित आयन पाण्यासह एका बाजूला सरकतात, ती बाजू फुगते आणि पट्टी वाकते. पट्टी सुकली की हालचाल थांबते. आमच्याकडच्या मे महिन्यातल्या हवेत ती उघडी ठेवली तर किती टिकेल, हे वेगळं सांगायला नको. कोरड्या प्रदेशात वापरायच्या वस्तू ओल्या प्रयोगशाळेत ठरवल्या जातात, ही माझी मनापासूनची तक्रार आहे, आणि आपल्या भागातल्या मुलांनी या क्षेत्रात यावं असं वाटण्याचं एक कारणही.

९. चांगला प्रश्न बहुधा घरकामातून येतो. सुती कापडाचा तुकडा अ‍ॅनिलीनच्या द्रावणात बुडवून त्यावरच पॉलिअ‍ॅनिलीन वाढवलं की ते सेल्युलोजला घट्ट धरून राहतं, कापड हिरवं होतं आणि मीटर रोध दाखवू लागतो. अंगावर घालायचा सेन्सर अशा कापडाचा होऊ शकतो, असं मी उत्साहाने सांगत होते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, धुतल्यावर हे राहीन काय?"

साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं. म्हणजे अमोनियाच्या बाटलीजवळ जे होतं तेच बादलीत होणार: हिरवं कापड निळं पडणार आणि वीज थांबणार. आम्लात बुडवून ते पुन्हा जागं करता येतं, पण कपडा रोज आम्लात कोण बुडवील? इथे आत बसलेल्या परक्या रेणूचा आकार कामाला येतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचा क्लोराइड लहान असतो, पाण्याबरोबर सहज निघतो. मोठे सल्फोनिक आम्लरेणू जास्त चिवटपणे राहतात. कापरापासून होणारं कॅम्फर सल्फोनिक आम्ल वापरलं तर पॉलिअ‍ॅनिलीन योग्य द्रावकात विरघळतंसुद्धा, आणि त्या द्रावकात आधी गुंडाळलेली साखळी उलगडून लांब होते व वाहकता पुष्कळ वाढते. दुसरं आहे डोडेसिल बेंझिन सल्फोनिक आम्ल, ज्याच्यापासून धुण्याची पावडर बनते. त्याची बारा कार्बनची शेपटी तेलकट असते आणि पाण्याला सहजी आत येऊ देत नाही.

मी तिला म्हटलं की मोठा रेणू जास्त टिकेल, पण सोड्यापुढे किती धुण्यांपर्यंत, हे मोजूनच सांगता येईल. तिने दोन तुकडे केले आहेत, एक हायड्रोक्लोरिक आम्लाचा आणि एक धुण्याच्या पावडरीच्या आम्लाचा. दोन्ही एकाच बादलीत, एकाच पावडरीने धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि प्रत्येक धुण्यानंतर रोध वहीत लिहायचा, असं ठरलं आहे. पाणी घरच्या बोअरचं घ्यायचं की डिस्टिल्ड, यावर मात्र अजून तिचं आणि माझं एकमत नाही. बोअरचं जड पाणी कॅल्शियम घेऊन येईल आणि निकालात लुडबुड करील असं मी म्हणते. ती म्हणते, गावात कपडे बोअरच्याच पाण्याने धुतले जातात.